ताप त्यांना, आणि दोषही त्यांचाच?

१/
दरवर्षी २० ऑगस्टला रोनाल्ड रॉसचे छायाचित्र आपल्या सर्वांच्या पडद्यावर झळकते. सिकंदराबाद, १८९७, सूक्ष्मदर्शक, डास, नोबेल. मीही ही कथा दोनदा लिहिली आहे. या वर्षी लिहिणार नाही. मध्यंतरी आमच्या विभागात बोलता बोलता गडचिरोलीतील हिवतापाचा विषय निघाला. इतिहास उत्तम वाचलेला एक मित्र सहज म्हणाला, ‘औषध फुकट मिळतं, तरी ती माणसं पुजाऱ्याकडेच जातात. त्याला कोण काय करणार?’ कोणीही हरकत घेतली नाही; मीदेखील गप्प राहिले. हा थ्रेड त्या मौनाची भरपाई आहे.

२/
माझे म्हणणे आरंभीच मांडते. ‘ती माणसे औषध घेत नाहीत’ हे निरीक्षण नसून वारसा आहे. सुमारे दीडशे वर्षे, औषध आणि रोगी यांच्यामधले अंतर मिटवणे ज्यांचे कर्तव्य होते, त्यांनी ते अंतर रोग्याच्या अंगी चिकटवले. कधी त्याच्या शरीराला दोष दिला, कधी वस्तीला, कधी अज्ञानाला. शब्द बदलले, युक्तिवाद तोच राहिला. पुरावे क्रमाने पाहू.

३/
आग्रा, १८७५. फुलर नावाचा इंग्रज वकील रविवारी सकाळी सहकुटुंब चर्चला निघाला होता. गाडी वेळेवर दाराशी लागली नाही म्हणून त्याने आपल्या मोतद्दाराला मारले. मोतद्दाराचे नाव कटवारू. मार खाऊन तो कसाबसा उठला, शेजारच्या आवारात गेला आणि तेथे मरण पावला. शवचिकित्सेत पाणथरी फुटल्याचे आढळले. पाणथरी आधीच वाढलेली असल्यामुळे थोडक्या आघातानेही ती फुटली असती, असे मत नोंदवले गेले. दंडाधिकाऱ्याने फुलरला शिक्षा ठोठावली: तीस रुपये दंड.

४/
वारंवार हिवताप झालेल्या माणसाची पाणथरी वाढते. मलेरियाच्या प्रदेशांत ही नित्याची गोष्ट होती आणि वसाहतीच्या न्यायालयांत ती गोऱ्या आरोपींच्या बचावाला येत असे. मारणाऱ्याचा हात दोषी नाही, मेलेल्याची पाणथरी दोषी! फुलरचे प्रकरण इतके लाजिरवाणे होते की व्हाइसरॉय लिटन याला १८७६ मध्ये त्यावर नापसंतीचे टिपण लिहावे लागले. लिटन काही रयतेचा कैवारी नव्हे. दुष्काळातील त्याची कीर्ती आपणांस ठाऊक आहे. तरी त्यालाही हा निवाडा पचला नाही. या एका खटल्यात पुढच्या दीडशे वर्षांचे सूत्र सापडते: रोग ज्याला झाला, जबाबदारही तोच.

५/
शरीरानंतर वस्ती. १९०० च्या सुमारास रॉयल सोसायटीच्या मलेरिया समितीचे स्टीफन्स आणि ख्रिस्टोफर्स हे दोन संशोधक पश्चिम आफ्रिकेत गेले. स्थानिक मुलांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी मोठ्या प्रमाणावर असतात, असे त्यांना आढळले. निरीक्षण अचूक होते. त्यावरून निघालेला सल्ला मात्र असा, की युरोपियांनी स्थानिकांपासून दूर राहावे. सिएरा लिओनमध्ये फ्रीटाऊनजवळच्या टेकडीवर १९०४ पर्यंत गोऱ्या अधिकाऱ्यांची स्वतंत्र वसाहत उभी राहिली, तिच्यासाठी रेल्वेही झाली. आजारी मुलांना औषध द्यावे, हा निष्कर्ष त्याच पुराव्यातून निघू शकत होता. तो निघाला नाही, कारण मुले रोगी म्हणून मोजलीच गेली नव्हती. ती रोगाचा साठा म्हणून मोजली गेली.

६/
रोग पसरवणारी परिस्थिती कोण निर्माण करत होते, हेही पाहा. १८६० च्या दशकात बंगालमध्ये ‘बर्दवान ताप’ या नावाने ओळखल्या गेलेल्या साथीने गावेच्या गावे ओस पाडली. १८६४ च्या चौकशी आयोगातील भारतीय सदस्य दिगंबर मित्र यांनी स्पष्ट मत दिले होते: रेल्वे आणि रस्त्यांच्या भरावांनी पाण्याचा नैसर्गिक निचरा अडवला आहे. सरकारला हे रुचणारे नव्हते. पुढे १९२५ मध्ये बंगालचे आरोग्यप्रमुख चार्ल्स बेंटली यांनी शेती आणि मलेरिया यांच्या संबंधावर ग्रंथच लिहिला आणि बांधबंदिस्तीमुळे पुराचे पाणी अडून जमीन व माणूस दोन्ही खंगली, असे दाखवले. मधल्या साठ वर्षांत किती माणसे गेली, याचा हिशेब कोणत्याही रेल्वे कंपनीच्या ताळेबंदात नाही.

७/
(हेच बेंटली १९११ मध्ये मुंबईच्या मलेरियावर अहवाल लिहून गेले होते. घरोघरच्या विहिरी आणि टाक्यांत वाढणाऱ्या डासांवर त्यांनी बोट ठेवले, आणि विहिरी बुजवण्या-झाकण्यावरून शहरात मोठा वाद माजला. तो स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे. येथे एवढेच लक्षात ठेवा, की डास कोठे वाढतो याचे उत्तर पुष्कळदा बांधकामात सापडते.)

८/
आता पंजाब, १९०८. अतिवृष्टीनंतरच्या साथीत अवघ्या काही महिन्यांत सुमारे तीन लाख माणसे दगावली. अमृतसरसारख्या शहरात जीवनच ठप्प झाले. चौकशी ख्रिस्टोफर्सकडे आली आणि १९११ मध्ये त्याने जो अहवाल दिला तो इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. पावसाच्या आकड्यांबरोबर त्याने धान्याचे भाव ठेवले. पाऊस जास्त आणि धान्यही महाग, अशा वर्षीच ताप संहारक होतो, हे त्याच्या लक्षात आले. वस्तीपासून दूर राहण्याचा सल्ला देणाऱ्या माणसानेच हे लिहावे, ही इतिहासाची गंमत. डास सर्वांना चावतो. मरतो तो प्रथम उपाशी माणूस.

९/
मग या निष्कर्षाचे झाले काय? लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीत १९०२ पासून काही वर्षे डास-निर्मूलनाचा प्रयोग चालला होता. तो फसला, असे ठरवण्यात आले. रॉसने संतापून विरोध केला. तुटपुंजा पैसा आणि अपुरे काम यांवरून निष्कर्ष काढू नका, असे त्याचे म्हणणे होते. १९०९ च्या सिमला परिषदेनंतर सरकारी धोरणाचा कल क्विनाइन वाटण्याकडे राहिला. निचऱ्याला पैसा लागतो, धान्य स्वस्त ठेवायला तर राज्याची नीतीच बदलावी लागते. त्या मानाने पुडी स्वस्त. ठीक आहे, पुडी तर पुडी. ती तरी पोचली का?

१०/
क्विनाइन हे रसायन १८२० मध्येच सिंकोनाच्या सालीतून वेगळे करण्यात आले होते. १८६० च्या दशकात निलगिरीत आणि दार्जिलिंगजवळ मुंगपू येथे सिंकोनाचे सरकारी मळे उभे राहिले. १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कार्यालयांतून एका पैशाला क्विनाइनची पुडी मिळू लागली. या योजनेची पाठ्यपुस्तकी स्तुती आपण वाचली असेल. आता गणित करू. पुडीत सुमारे पाच ग्रेन क्विनाइन. राष्ट्रसंघाच्या मलेरिया आयोगाने पुढे १९३७ मध्ये सुचवलेली मात्रा दिवसाला पंधरा ते वीस ग्रेन, पाच ते सात दिवस. म्हणजे वीस ग्रेन धरल्यास रोज चार पुड्या, रोजचा एक आणा, सात दिवसांचे सात आणे.

११/
शेतमजुराची रोजी त्या काळी काही आण्यांच्या पुढे क्वचितच जाई, आणि थंडीने कुडकुडणाऱ्या मजुराला तीही मिळत नसे. घरात तिघे तापाने पडले असतील तर? टपाल कार्यालय दोन कोसांवर असेल तर? म्हणून तो एक-दोन पुड्या घेई, ताप उतरल्यासारखा वाटे, पुन्हा चढे. यावर सरकारी अहवालांतील ठरलेला शेरा असा, की लोक उदासीन आहेत, उपचार अर्धवट सोडतात. पुडीची किंमत आणि मजुरी शेजारी शेजारी ठेवण्याचे कष्ट शेरा मारणाऱ्याने घेतलेले नसत. आणि हो, रॉसने ज्याच्या रक्तावर आपला शोध लावला त्या हुसेन खानला डासामागे एक आणा मिळाला होता. एका डासाच्या चाव्याचा मोबदला म्हणजे एका दिवसाचे क्विनाइन.

१२/
औषधावर सत्ता कोणाची, हा प्रश्न १९४२ मध्ये उघडा पडला. जगातले बहुतेक क्विनाइन तेव्हा डचांच्या जावातून येत असे. जपानने जावा जिंकले आणि पुरवठा तुटला. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ. त्या संहारात सर्वाधिक बळी घेणाऱ्या रोगांत मलेरिया अग्रभागी होता. अन्नही नाही आणि क्विनाइनही नाही. जे थोडे होते ते काळ्या बाजारात. त्या वर्षी मेलेल्यांपैकी किती जणांनी ‘अंधश्रद्धेमुळे’ औषध नाकारले असेल?

१३/
याच युद्धातील दुसरा प्रसंग या थ्रेडचा कणा आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मलेरियाने ब्रिटिश-भारतीय सैन्य अक्षरशः आडवे केले होते. १९४३ मध्ये एका जखमी सैनिकामागे सुमारे एकशे वीस आजारी सैनिक मागे हलवावे लागत होते, असे सेनापती स्लिम यांनी नोंदवले आहे. क्विनाइनच्या जागी मेपाक्रिनची गोळी आली. सैनिक ती टाळू लागले. कातडी पिवळी पडते म्हणून कुरकूर होती. पुरुषत्व जाते अशी अफवा मित्रराष्ट्रांच्या सैन्यांत पसरली होती. शिकलेले, गणवेशातले, पाश्चात्त्य शिस्तीत वाढलेले पुरुष अफवेपायी औषध टाळत होते.

१४/
स्लिम यांनी काय केले? सैनिकांच्या अज्ञानावर निबंध लिहिला नाही. अचानक तपासण्या सुरू केल्या. तुकडीतील पंचाण्णव टक्क्यांहून कमी जणांनी गोळी घेतल्याचे आढळले, तर तिच्या प्रमुखाला पदावरून दूर करायचे. तीन अधिकारी घरी गेले; चौथ्याची वेळ आली नाही. औषध पोटात गेले नाही याचा जाब त्यांनी रुग्णाला विचारला नाही, व्यवस्थेच्या प्रमुखाला विचारला. आणि गोळी सैनिकाच्या हातात रोज ठेवली जात होती. त्यासाठी त्याला दोन कोस चालावे लागत नव्हते. गरीब नागरिकाची तुलना सैनिकाशी करून जबरदस्तीचे समर्थन मी करत नाही. माझा मुद्दा उत्तरदायित्वाचा आहे. गोऱ्या सैनिकाची अफवा ही प्रशासनाची समस्या ठरते, आणि माडिया बाईची भीती ही तिच्या संस्कृतीची समस्या ठरते. का?

१५/
स्वातंत्र्यानंतर आपण हे सूत्र मोडले का? काही काळ, होय. १९४६ मध्ये मुंबई प्रांताच्या धारवाड आणि उत्तर कानडा जिल्ह्यांत डॉ. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली डीडीटी फवारणीची मोठी मोहीम झाली. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. फवारणी करणारे घराघरांत गेले. पंधरवड्याला कर्मचारी दारात येऊन तापाची चौकशी करू लागला, रक्ताची काचपट्टी घेऊ लागला, गोळ्या देऊ लागला. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६१ मध्ये नोंदलेले रुग्ण सुमारे पन्नास हजार. माणसे तीच, श्रद्धा त्याच, पुजारीही तेच. बदलले होते ते दारात येणारे पाऊल.

१६/
आणि १९७६ मध्ये? चौसष्ट लाख रुग्ण. डासांनी डीडीटी पचवले हे खरे, पण कारण तेवढेच नव्हते. डीडीटीचा पुरवठा आणि पैसा आटला. मोहीम संपल्यावर जी प्राथमिक आरोग्यसेवा सूत्रे हाती घेणार होती, ती अनेक ठिकाणी कागदावरच होती. कर्तारसिंग समितीच्या १९७३ च्या शिफारशींनंतर हिवतापाचा कर्मचारी बहुउद्देशीय झाला, आणि त्या ‘बहु’ उद्देशांत कुटुंबनियोजनाची लक्ष्ये सर्वांवर स्वार झाली. पाऊल दारात यायचे थांबले आणि ताप परतला. श्रीलंकेचा अनुभवही असाच: १९६३ मध्ये देशभरात फक्त सतरा रुग्ण, जागरूकता सैलावली, आणि १९६८-६९ मध्ये काही लाखांची साथ.

१७/
आता आजकडे. आदिवासी आरोग्यावर डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. देशाच्या लोकसंख्येत आदिवासी सुमारे साडेआठ टक्के. मलेरियाच्या रुग्णांत तीस टक्के. मलेरियाच्या मृत्यूंत मात्र पन्नास टक्क्यांपर्यंत. हे तीन आकडे क्रमाने पुन्हा वाचा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाण्याचे स्पष्टीकरण जंगल, पाऊस आणि डास पुष्कळसे देतात. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाण्याचे स्पष्टीकरण डास देऊ शकत नाही. ताप आल्यानंतर मरण्याची शक्यता वाढते, ती उपचार उशिरा मिळाल्यामुळे किंवा न मिळाल्यामुळे.

१८/
भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची: नकाशा उघडून पाहा. ‘फाल्सिपेरम’ जातीचा हिवताप मेंदूपर्यंत गेला तर लहान मूल एक-दोन दिवसांत दगावू शकते. म्हणून चोवीस तासांत उपचार सुरू व्हावा, असे धोरण सांगते. आणि हिवतापाचा हंगाम म्हणजे पावसाळा, ज्या दिवसांत नाले भरून गावे तुटतात, पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क खुंटतो. अशा रात्री तापाने फणफणलेले मूल घेऊन बाप कोठे जाईल? पुजारी गावात असतो. रात्री दार उघडतो. त्याच्याकडे जायला नदी ओलांडावी लागत नाही, तो कागद मागत नाही, त्याची भाषा कळते. बाप पुजाऱ्याकडे गेला ते श्रद्धेने की अंतराने, हे मुंबई-पुण्यात बसून कसे ठरवणार?

१९/
मंत्रतंत्राने मूल वाचत नाही. पुजाऱ्याकडे गेलेली रात्र पुष्कळदा प्राणघातक ठरते, आणि ते टाळलेच पाहिजे. अंधश्रद्धेविरुद्धच्या लढ्याची महाराष्ट्राला थोर परंपरा आहे. तिची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या परंपरेतून मी एवढे शिकले, की पर्याय हाताशी दिल्यावरच श्रद्धेची परीक्षा होते. हेमलकशात १९७३ मध्ये प्रकाश आमटे यांनी काम सुरू केले, तेव्हा प्रारंभी लोक येत नव्हते. उपचाराने माणसे बरी होताना दिसली, मग दूरदूरच्या गावांतून चालत येऊ लागले. ज्यांना ‘औषध न घेणारे’ म्हटले जाते, तीच ही माणसे.

२०/
आज गावातल्या आशाताईंच्या पिशवीत तपासणी किट असते. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, पंधरा-वीस मिनिटांत निदान, आणि आर्टेमिसिनिनयुक्त गोळ्या तेथेच सुरू. रॉसच्या काळी कल्पनेतही नव्हते असे सामर्थ्य आज आठवी-दहावी शिकलेल्या एका बाईच्या हाती आहे. प्रश्न उरतो तो किट संपल्यावर नवे कधी येते, गोळ्यांचा साठा पावसाळ्यापूर्वी पोचला का, आणि जिच्यावर हा सारा डोलारा उभा आहे तिला एका तपासणीमागे काही रुपयांचा मोबदला देऊन आपण किती काळ राबवणार, हा.

२१/
‘पण तो नक्षलग्रस्त भाग आहे’ हे उत्तर मला अपेक्षित आहे. श्रीलंकेत २००९ पर्यंत यादवी युद्ध चालू होते, आणि मलेरिया उत्तर व पूर्वेच्या युद्धग्रस्त भागांतच अधिक होता. तरी तेथील मलेरियाविरोधी मोहीम थांबली नाही. फिरती पथके जात राहिली, रक्त तपासत राहिली. युद्ध चालू असतानाच रुग्णसंख्या घसरली. २०१२ नंतर स्थानिक रुग्ण आढळला नाही आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश मलेरियामुक्त जाहीर केला. बंदुकांमधून वाट काढता येते. काढायची ठरवली तर.

२२/
इतिहास वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी काय करावे? कागदपत्रांत ‘लोक उदासीन’, ‘अज्ञानी’, ‘सहकार्य करत नाहीत’ असे शब्द दिसले की तेथे थांबावे. हे कोणी लिहिले, त्या वर्षी औषधाची किंमत काय होती, दवाखाना किती अंतरावर होता, मजुरी किती होती, हे विचारावे. जिल्हा गॅझेटियरमधील मृत्यूंचे तक्ते आणि बाजारभावांचे तक्ते एकाच वेळी उघडावेत. आजच्या बातमीलाही हेच प्रश्न लावावेत. भारताने २०३० पर्यंत मलेरिया निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. शेवटचे रुग्ण राहतील ते रस्त्याच्या शेवटी राहणाऱ्यांत, आणि त्यांचा दोष काढण्याचा मोह तेव्हा सर्वांत प्रबळ असेल.

२३/
कटवारूची पाणथरी फुटली कारण ती वाढलेली होती. ती वाढलेली होती कारण त्याला आयुष्यभर ताप येत राहिला आणि औषध मिळाले नाही. न्यायालयाने पहिले वाक्य नोंदवले, दुसरे नोंदवले नाही. माझ्या मित्राला मी हा थ्रेड पाठवला आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. तुमचे काय म्हणणे आहे ते जरूर लिहा. पण लिहिण्यापूर्वी एटापल्लीच्या एखाद्या गावापासून जवळच्या दवाखान्याचे अंतर नकाशावर मोजा.